मनाची ताटी

दहावीचा निकाल लागला. समजा, गावातला एक मुलगा नापास झाला. तो घरी आला. कोणाशी बोलला नाही. खोलीत गेला अन् आतून कडी लावली. आई हाका मारते, पण उत्तर नाही. बाप ओसरीवरून म्हणतो, "पडू दे तसाच. भूक लागली म्हंजे येईल भाईर."

येईल का? की आत एकटा बसून भलतेच काही मनात आणील? आपण याचा विचार करू या.

आम्ही तुम्हांला एक जुनी गोष्ट सांगतो. आपल्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे आहे. तेथे १२९० साली ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात, तो पैस खांब आजही तेथे आहे. तेव्हा त्यांचे वय अवघे १५ वर्षांचे होते, असे सांगतात. एवढा ज्ञानी मुलगा! पण त्यालाही एकदा राग आला.

लोक या भावंडांना 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवीत. एके दिवशी कोणी तरी जिव्हारी लागेल असे बोलले. ज्ञानेश्वर दुखावले. ते झोपडीत गेले अन् ताटी, म्हणजे झोपडीचे दार, लावून बसले.

धाकटी बहीण मुक्ताबाई. तिने काय केले? तिने ताटी फोडली नाही. "एवढ्यानं काय रागावतोस?" असे ती म्हणाली नाही. निघूनही गेली नाही. ती दाराशी थांबली. मायेने विनवीत राहिली. 'तू मोठ्या मनाचा आहेस,' याची तिने आठवण दिली. शेवटी ताटी उघडली. तिचे ते बोल 'ताटीचे अभंग' म्हणून प्रसिद्ध आहेत.

राग येणे हा गुन्हा नव्हे. दुःख, भीती, लाज ही सर्वांनाच वाटते. आपली भावना ओळखणे, ती आवरणे, दुसऱ्याचे मन जाणणे, ही एक हुशारीच आहे. तिला 'भावनिक बुद्धिमत्ता' म्हणतात. तुम्ही अक्षरे शिकलात, तशी तीही शिकता येते.

तरुणांना तिची फार गरज असते. मेंदूचा सारासार विचार करणारा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. भावना मात्र आधीच जोरात धावतात. बैल तरणे अन् कासरा कच्चा, असे ते वय!

राग आला की छाती धडधडते, श्वास भराभर चालतो. अशा वेळी केलेले काम बहुधा चुकते. म्हणून आधी थांबावे. श्वास सावकाश घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा. मग मनाला विचारावे, 'मला राग आलाय, की लाज वाटतेय?' भावनेला नाव सापडले म्हणजे तिचा जोर उतरू लागतो. मग विश्वासाच्या माणसाशी बोलावे.

घरच्यांनी आधी ऐकावे, मग बोलावे. "पोरगा असून रडतोस?" असे म्हणू नये. शेजारच्या पोराशी तुलना करू नये. परीक्षा पुन्हा देता येते. गेलेला जीव परत येत नाही.

झोप, भूक, कामातले मन दोन आठवडे उडालेले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. कोणी मरणाची भाषा करीत असेल, तर एक दिवसही थांबू नये. त्याला एकटे सोडू नये. फवारणीचे औषध कुलपात ठेवावे. १४४१६ या नंबरावर फोन करावा. ही सरकारची 'टेली मानस' सेवा २०२२ साली सुरू झाली. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते. तेथे मराठीतून बोलता येते.

आता त्या बापाला आपण काय सांगू? ओसरीवरून ऊठ, बाबा. दाराशी जाऊन बस, अन् एवढेच म्हण, "लेकरा, मी हितंच हाय. तू आलास की मिळून जेवू."