गडग्याकडचा अडुळसा

थंडी पडली की मालवण-कुडाळकडे कुणाच्या ना कुणाच्या गडग्यालगत अडुळसो फुललेला दिसतोच. गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला उत्तम.

फूल जरा जवळून बघा. पांढरं, दोन ओठांचं, आणि खालच्या ओठावर जांभळट-गुलाबी रेघा. भुंग्याला मधाची वाट दाखवणाऱ्या!

औषध मात्र मुख्यतः पानात. हिरवं पान नुसतं वाटलं तर रस जेमतेम निघतो. तव्यावर किंवा वाफेवर मऊ करून पिळलं की बरा येतो. चव कडूजहर, म्हणून त्यात मध. सर्दीनंतर छातीत धरलेल्या कफावर हा जुना घरगुती उपाय. पानातल्या ‘व्हॅसिसिन’ या द्रव्याच्या धर्तीवरच ‘ब्रोमहेक्झिन’ हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. ब्रोमहेक्झिनपासून पुढे आलेलं ‘अॅम्ब्रोक्सॉल’ आज खोकल्याच्या बऱ्याच बाटल्यांवर छापलेलं सापडेल. (बाटलीतलं गोड असतं, एवढाच काय तो फायदा!)

गरोदर बाईला अडुळसा अजिबात देऊ नका, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. तान्ह्या बाळालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर नाहीच.

लावायचा असेल तर पावसाच्या तोंडावर फांदी खोचा, सहज जगते.