विश्लेषण : ट्रॅक डे आणि ऑटोक्रॉससाठी टायर कसे निवडावेत?

आपली मोटार सर्किटवर पळवायची हौस लागली की अनेकांची पहिली खरेदी टायरची असते. गाडी जमिनीला टेकते ती चार टायरच्या तळहाताएवढ्या भागांवरच, त्यामुळे हे साहजिकही आहे. मात्र सर्वाधिक पकड देणारा टायर प्रत्येक वेळी योग्य ठरतोच असे नाही.

दोन्हींत फरक काय?

ट्रॅक डेमध्ये शुल्क भरून स्वतःची गाडी सर्किटवर चालवता येते. एक सत्र साधारण १५ ते २० मिनिटांचे असते. ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या मैदानावर शंकू ठेवून वळणांचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते आणि फेरी जेमतेम मिनिटभराची असते. भारतात ऑटोक्रॉस मातीवरही भरते, तिथे वेगळे टायर लागतात. येथे विचार डांबरी पृष्ठभागाचा आहे.

उष्णता महत्त्वाची का?

रबर ठरावीक तापमानाला सर्वाधिक पकड देते. मिनिटभराच्या फेरीत टायर तापायला वेळच मिळत नाही. म्हणून ऑटोक्रॉसला थंड असतानाही चिकटणारे मऊ रबर हवे. योकोहामा ॲडव्हान ए०५२ हा त्यातला परिचित टायर. तोच ट्रॅकवर सलग २० मिनिटे रगडला तर अति तापून पकड सोडतो आणि लवकर झिजतो. हँकूक व्हेंटस आरएस४ सारखा टायर उशिरा तापतो, पण दीर्घकाळ टिकून राहतो.

‘ट्रेडवेअर २००’ म्हणजे काय?

अमेरिकी नियमांनुसार टायरच्या बाजूवर झिजेचा अंक छापतात. १०० अंकाच्या संदर्भ टायरच्या तुलनेत २०० अंकाचा टायर चाचणीत दुप्पट टिकायला हवा. अमेरिकेतील एससीसीए ही संस्था ऑटोक्रॉसच्या ‘स्ट्रीट’ गटात किमान २०० अंक मागते. पण हा अंक कंपनीच आपल्या चाचणीवरून देते आणि तो पकड मोजत नाही. त्यामुळे २०० अंकाचे दोन टायर वेगात व टिकाऊपणात बरेच वेगळे असू शकतात.

हवा किती ठेवावी?

टायर ५ ते ६ अंशांनी तापला की दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो. म्हणून ट्रॅकवरून बाहेर येताच, टायर गरम असताना दाब मोजून जादा हवा काढतात. घरी निघताना ती पुन्हा भरायला विसरणे धोक्याचे. टायर थंड झाला की दाब कमी पडतो आणि महामार्गावर टायर फुटू शकतो.

परतीच्या प्रवासाचे काय?

पुण्याहून कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला गाडी चालवत जायचे तर एका बाजूचेच अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे. ट्रॅकसाठीच्या टायरवर खाचा कमी आणि उथळ असतात. साचलेले पाणी त्या पुरेसे बाहेर फेकू शकत नाहीत आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. पावसाळ्यात अशा टायरवर प्रवास टाळावा. शक्य असल्यास ते वेगळ्या रिम्सवर चढवून सोबत न्यावेत.

नवख्यांनी काय करावे?

पहिले काही ट्रॅक डे चांगल्या स्थितीतील रस्त्याच्या टायरवरच करावेत. असा टायर सुटण्याआधी कर्कश आवाज करून इशारा देतो आणि हळूहळू घसरतो. अति चिकट टायर जास्त वेगात आणि अनेकदा अचानक सुटतो, शिवाय चालकाच्या चुकाही झाकतो. पुढची पायरी म्हणजे मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस सारखा टायर, जो पावसातही भरवशाचा आहे. खरेदी करताना टायरवरील चार अंकी तारीख पाहावी : २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. भारांक व वेगाचे अक्षर कंपनीने गाडीसाठी सांगितल्यापेक्षा कमी नसावे. वेगाच्या अक्षरांत व्ही म्हणजे ताशी २४०, तर डब्ल्यू म्हणजे २७० किमी.