रीलमधला सहा स्क्रीनचा सेटअप विसरा, हिंगणीत बसून डे ट्रेडिंग करायचं तर दहा हजारांत कोणता मॉनिटर घ्यायचा?

इन्स्टाग्राम उघडलं की एक रील हमखास समोर येते. अंधारी खोली, निळे-जांभळे दिवे, टेबलावर सहा स्क्रीन, सगळ्यांवर लाल-हिरव्या कॅंडल आणि समोर गेमिंग चेअरवर रेललेला पंचविशीतला ट्रेडर. ही रील मुंबई-पुण्यात बघितली जाते तशी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीतही बघितली जाते. सेलू तालुक्यातलं, बोर धरणाच्या वाटेवरचं हे गाव. समजा, इथल्या कापूस-सोयाबीनवाल्या घरातला एखादा पोरगा सकाळी सव्वानऊला मोबाइल घेऊन बाजारात उतरला. दोन-तीन महिन्यांत तोटा झाला की त्याला वाटायला लागतं, आपला स्क्रीन लहान आहे म्हणून हे होतंय.

अडचण खोटी नाही. मोबाइलच्या साडेसहा इंचांत चार्ट बघायचा तर ऑर्डरची खिडकी झाकली जाते, ऑर्डर टाकायला गेलं की चार्ट जातो. घाईत बोट चुकून दहाऐवजी शंभर शेअर्सची ऑर्डरही पडते. मोठा स्क्रीन ही चूक कमी करतो. तो तुमचा अंदाज मात्र सुधारत नाही, आणि खरेदी करण्याआधी हा फरक पैशांत मांडून बघितलेला बरा.

सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडे ट्रेडिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या वर्षात शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहांपैकी सात जणांना तोटा झाला होता. तिशीच्या आतल्या ट्रेडर्समध्ये हे प्रमाण ७६ टक्के होतं, आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये ८० टक्के. म्हणजे जितके जास्त सौदे, तितके जास्त लोक तोट्यात. सहा स्क्रीन लावले की सहा ठिकाणी संधी दिसते आणि माणूस सहा वेळा बटण दाबतो, हा धोका रीलमध्ये कोणी सांगत नाही.

आता हिशेब. ट्रेडिंगचं भांडवल ५० हजार असेल आणि मॉनिटर १० हजारांचा घेतला, तर बाजारात एक रुपया लावण्याआधीच भांडवलाच्या २० टक्के रक्कम खर्च झाली. तेवढी भरून काढायला किती महिने लागतील, याचा विचार करा. हप्त्यावर तर अजिबात घेऊ नका. मॉनिटरचा हप्ता फेडायला सौदा करावा लागला, तर तो सौदा वाईटच होणार.

तरी गावात बसून हे सगळं करता येतं, यामागे स्क्रीनच आहे. पूर्वी मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर रिंगणात उभं राहून, ओरडून, हातवारे करून सौदे व्हायचे. नोव्हेंबर १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्सचेंजने शेअर्सचे सौदे कॉम्प्युटर स्क्रीनवर सुरू केले, पुढच्याच वर्षी बीएसईचंही रिंगण स्क्रीनवर आलं. त्यानंतर भाव बघायला मुंबईत असण्याची गरज संपली. (गंमत म्हणजे ज्या सोयाबीनचा भाव हिंगणीच्या पोराला घरबसल्या कळतो, त्याचेच वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि ती बंदी पुढे वाढवत नेली.)

तर मॉनिटर. साध्या ट्रेडिंगला २४ इंच, फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० रिझोल्यूशन आणि आयपीएस पॅनल एवढं पुरतं. ऑनलाइन दुकानांत असा मॉनिटर साधारण सात ते दहा हजारांत मिळतो. घरात लॅपटॉप असेल तर दोन स्क्रीन आपोआप झाले, मॉनिटरवर चार्ट आणि लॅपटॉपवर ऑर्डर. दुसरा मॉनिटर लागत नाही.

इथे एक फसगत नेहमी होते. ‘त्यापेक्षा त्याच पैशात ३२ इंची टीव्ही घेऊ, घरच्यांनाही होईल,’ असा विचार केला जातो. स्वस्तातल्या ३२ इंची टीव्हीवर बहुतेक वेळा ‘एचडी रेडी’ लिहिलेलं असतं, म्हणजे १३६६ बाय ७६८. गुणाकार केला तर साडेदहा लाख पिक्सेल. २४ इंची फुल एचडी मॉनिटरमध्ये हेच पावणेएकवीस लाखांच्या आसपास भरतात. म्हणजे टीव्ही आकाराने मोठा, पण त्यावर माहिती निम्मीच मावते आणि जवळून बघितलं तर अक्षरं फुटतात. याच कारणामुळे २७ इंचांत फुल एचडी घेण्यातही फारसा अर्थ नाही. २७ इंच घ्यायचाच तर २५६० बाय १४४० चा घ्यावा, पण मग बजेट दहा हजारांत राहत नाही.

पॅनलचं म्हणाल तर टीएन पॅनल स्वस्त असतं, पण थोडं बाजूने बघितलं की रंग बदलतात. ज्या कामात लाल आणि हिरवा हाच सगळा खेळ आहे, तिथे हे नको. काहींना हे दोन रंग वेगळे ओळखायला मुळातच जड जातात, त्यांनी चार्टच्या सेटिंगमध्ये जाऊन कॅंडल निळ्या-नारिंगी करून घ्याव्यात. त्याला पैसे पडत नाहीत.

१४४ हर्ट्झ, १ मिलिसेकंद वगैरे आकडे गेम खेळणाऱ्यांसाठी असतात. ब्रोकरच्या ॲपवर भाव सेकंदाला मोजक्या वेळाच बदलतो, आणि तो इंटरनेटवरून यायलाच कित्येक मिलिसेकंद जातात. त्या जास्तीच्या वेगाला पैसे मोजू नका.

उजेडाकडे मात्र नीट बघा. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणजे विदर्भातल्या भर उन्हात. रीलमधली अंधारी खोली इथे नसते, इथे खिडकी आणि दार उघडं असतं. म्हणून चकचकीत स्क्रीन टाळून मॅट घ्या आणि ब्राइटनेस किमान २५० निट्स बघा. खिडकी पाठीशी आली तर स्क्रीनवर चमक येते, समोर आली तर डोळे दिपतात. ती बाजूला येईल असं टेबल ठेवा. दिवसा चार्टचं काळं बॅकग्राउंड आरशासारखं वागतं, तेव्हा पांढरं लावून बघा. बहुतेक मॉनिटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि वर्ध्याचा मे महिना त्याच्या बराच वर जातो. टिनाच्या खोलीत मॉनिटर ठेवायचा नाही, आणि कूलरचा ओला झोतही थेट त्यावर येऊ द्यायचा नाही.

मग लाईट. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मॉनिटर आणि वायफायचा राउटर त्याच क्षणी बंद पडतात. सौदा उघडा असताना हे झालं तर खरा फटका बसतो. २४ इंची एलईडी मॉनिटरला साधारण २० वॅट लागतात, म्हणजे एका ट्यूबइतकी वीज. घरात इन्व्हर्टर असेल तर मॉनिटर आणि राउटर त्यावर घ्या. नसेल तर महागडा मॉनिटर रद्द करून छोटा यूपीएस घ्या, तो जास्त कामाला येईल. आणि मोबाइलवर ब्रोकरचं ॲप लॉगिन करून, मोबाइल डेटा चालू ठेवूनच सौदा करा. स्टॉपलॉस एक्सचेंजवर आधीच लावलेला असेल तर स्क्रीन काळा पडला तरी तो काम करतो.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. ऑफिसांतून निघालेले मॉनिटर नागपूरच्या बाजारात निम्म्या किमतीत मिळून जातात. दुकानातच तो अर्धा तास चालू ठेवायला लावा. पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा फोटो लावून ठिपके आणि कोपऱ्यातला पिवळेपणा तपासा. मागे एचडीएमआय आहे ना, तेही बघा. जुन्या मॉनिटरला कधी कधी फक्त व्हीजीए असतं आणि नव्या लॅपटॉपला ते सापडत नाही.

नवा ऑनलाइन मागवणार असाल तर वॉरंटीत माणूस घरी येतो का, हे ऑर्डर करण्याआधी आपला पिनकोड सांगून कंपनीला विचारा. एक-दोन पिक्सेल मेलेले असतील तर बऱ्याच कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत, म्हणून खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी तपासणी उरका. खोकं आणि आतलं थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा. उद्या मॉनिटर घेऊन वर्ध्याला किंवा नागपूरला जायची वेळ आली, तर एसटीत मांडीवर घेऊन बसताना तेच कामाला येतं.