फौजदारी न्यायशिक्षण, संयुक्त पदवी

गुन्ह्याचा प्रतिबंध व तपास, अभियोग, न्यायनिर्णय, शिक्षेची अंमलबजावणी आणि गुन्हेगाराचे पुनर्वसन ह्या सर्व अवस्थांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या विद्याशाखेत पदवी व पदव्युत्तर असे दोन्ही अभ्यासक्रम एकाच सलग योजनेत गुंफून दिले जाणारे उच्च शिक्षण. ह्यात विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा प्रवेशाची खटपट करावी लागत नाही आणि काही योजनांत एकूण कालावधीही कमी होतो. फौजदारी न्याय ही विद्याशाखा कायदा, समाजशास्त्र, मानसशास्त्र, लोकप्रशासन व समाजकार्य ह्यांच्या सीमेवर उभी आहे. गुन्हाशास्त्र गुन्ह्याची कारणे शोधते, तर फौजदारी न्यायाचा अभ्यास पोलीस, न्यायालय व तुरुंग ह्या संस्थांचे प्रत्यक्ष कार्य तपासतो [⟶ गुन्हाशास्त्र].

संयुक्त व शीघ्र ह्यांतील भेद : ‘संयुक्त’ आणि ‘शीघ्र’ ह्या दोन संज्ञा पुष्कळदा समानार्थी समजल्या जातात, तथापि त्या भिन्न आहेत. संयुक्त अभ्यासक्रमात दोन पदव्या एका योजनेत आणलेल्या असतात. शीघ्र अभ्यासक्रमात त्यासाठी लागणारा काळ घटविलेला असतो. अमेरिकेत पदवीला सामान्यतः चार वर्षे व सु. १२० श्रेयांक, तर पदव्युत्तर पदवीला दीड ते दोन वर्षे व ३० ते ३६ श्रेयांक लागतात. तेथील शीघ्र संयुक्त योजनेत विद्यार्थी पदवीच्या अखेरच्या वर्षी काही पदव्युत्तर विषय घेतो व त्यांचे श्रेयांक, बहुधा ९ ते १२, दोन्ही पदव्यांसाठी मोजले जातात. त्यामुळे सहा वर्षांचे शिक्षण पाच वर्षांत आटोपते. अशा योजनेत प्रवेश सहसा तिसऱ्या वर्षाच्या सुमारास आणि चांगले गुण असणाऱ्यांनाच मिळतो.

भारतात तीन अधिक दोन अशी रचना दीर्घकाळ रूढ असल्याने कला शाखेतील पंचवार्षिक संयुक्त अभ्यासक्रमात वेळ वाचत नाही. वाचते ती दुसरी प्रवेशपरीक्षा आणि विषयांची पुनरावृत्ती. कायद्याच्या शिक्षणात मात्र स्थिती वेगळी आहे. पदवीची तीन व त्यानंतर विधीची तीन अशा सहा वर्षांऐवजी पंचवार्षिक विधी अभ्यासक्रम घेतल्यास एक वर्ष कमी लागते. बंगलोर येथे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यालयामुळे ही पद्धती देशभर प्रतिष्ठा पावली.

विकास : पोलिसांना विद्यापीठीय शिक्षण द्यावे, ही कल्पना अमेरिकेतील बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पुढाकार घेऊन रुजविली. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली स्थापन झालेले व पुढे जॉन जे ह्यांच्या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय पोलिसांच्या शिक्षणासाठीच निघाले होते. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या गुन्हेविषयक आयोगाने पोलीस, न्यायालय व सुधारसंस्था ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत, असा विचार मांडला. १९६८ पासून संघशासनाचे अनुदानही उपलब्ध झाले आणि ह्या विषयाच्या पदव्या झपाट्याने वाढल्या. ह्या वाढीचे दोषही लवकरच दिसून आले. पोलिसांच्या उच्च शिक्षणाची तपासणी करणाऱ्या एका राष्ट्रीय मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, अनेक महाविद्यालये केवळ कवायती स्वरूपाचे तांत्रिक प्रशिक्षणच पदवीच्या नावाखाली देत असल्याची टीका केली. शिक्षण लवकर पुरे करणे आणि शिक्षण पुरेसे असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा प्रश्न तेव्हापासून ह्या विद्याशाखेच्या पाठीशी आहे.

भारतात ह्या विषयाचा प्रवेश मुख्यतः समाजकार्याच्या वाटेने झाला. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था स्थापन झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. १९४४ मध्ये ती टाटा समाजविज्ञान संस्था ह्या नावाने ओळखली जाऊ लागली व १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९५१-५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ञ म्हणून आलेल्या वॉल्टर रेक्लेस ह्यांनी भारतीय तुरुंगांची पाहणी केली व सुधारप्रशासनाच्या प्रशिक्षणास चालना दिली. त्यानंतर ह्या संस्थेत गुन्हाशास्त्र व सुधारप्रशासन हा समाजकार्यशिक्षणातील एक विशेष विषय म्हणून स्थिरावला. सागर विद्यापीठात गुन्हाशास्त्र व न्यायसहायक विज्ञान ह्यांचा विभाग १९५९ मध्ये सुरू झाला. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला ह्यांच्या अध्यक्षतेखालील तुरुंगसुधार समितीने (१९८०–८३) प्रशिक्षित सुधारसेवकांची गरज आग्रहाने मांडली [⟶ तुरुंग].

तुळजापूर येथील शिक्षण : धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर हे तुळजाभवानीचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेर प्रसिद्ध आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८६ मध्ये आपले ग्रामीण केंद्र येथे उघडले. अवर्षणप्रवण मराठवाड्यातील पाणी, शेती, उपजीविका व ग्रामसंघटना हे केंद्राच्या कार्याचे विषय राहिले. २०१२ मध्ये संस्थेने समाजविज्ञानाचा पंचवार्षिक संयुक्त अभ्यासक्रम सुरू केला. तुळजापूर, गुवाहाटी व हैदराबाद ही त्याची केंद्रे होती. तीन वर्षांनंतर बी. ए. पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा हे त्याचे महत्त्वाचे वैशिष्ट्य. त्यामुळे मध्येच शिक्षण सोडावे लागलेल्या विद्यार्थ्याची वर्षे वाया जात नाहीत. कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ही तरतूद विशेष अर्थपूर्ण होय.

तुळजापूर येथे भर ग्रामविकासावर आहे. गुन्हाशास्त्र व न्याय ह्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण संस्थेच्या मुंबई येथील आवारात दिले जाते. तथापि समाजकार्य किंवा समाजविज्ञान ह्यांतील पदवी हा त्या शिक्षणाचा स्वाभाविक पाया आहे. मराठवाड्यातील विद्यार्थ्यास ह्या क्षेत्राकडे जाणारे आणखी दोन मार्ग छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे उपलब्ध आहेत : शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था (२००९) आणि महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ (२०१७). गांधीनगर येथील राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात (२०२०) न्यायसहायक विज्ञानाचा पंचवार्षिक संयुक्त अभ्यासक्रम आहे.

ह्या परिसरात फौजदारी न्यायाचा अभ्यास केवळ ग्रंथगत राहू शकत नाही. तुळजापूरहून सु. ४५ किमी. अंतरावरील सोलापूर येथे ब्रिटिश अमदानीत ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींना काटेरी कुंपणात ठेवण्याची वसाहत होती. तेथील वस्तीला ‘सेटलमेंट’ हे नाव अद्यापि चिकटून आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा हा व्यक्तीच्या कृतीवरून नव्हे, तर तिच्या जन्मावरून ठरविला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि ह्या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. मात्र त्यानंतरही संशय टिकून राहिला. लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या उचल्या (१९८७) ह्या आत्मकथनामुळे ह्या वास्तवाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावलींतील जातीवर आधारित कामवाटपाच्या व विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानण्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. चोरीची फिर्याद येताच पारध्यांच्या पालावर प्रथम जाणारा तपासी अधिकारी आणि पुराव्याच्या मागे जाणारा अधिकारी ह्यांतील अंतर हेच ह्या शिक्षणाच्या यशापयशाचे माप होय.

क्षेत्रकार्याचे स्थान : ह्या विद्याशाखेचे मर्म क्षेत्रकार्यात आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्यात प्रशिक्षित समाजकार्यकर्ते अत्याचारग्रस्त स्त्रियांना पोलीस-व्यवस्थेच्या आतच साहाय्य करू लागले. पुढे महाराष्ट्र शासनाने हा उपक्रम राज्यभर नेला. १९९० मध्ये सुरू झालेला ‘प्रयास’ हा प्रकल्प मुंबईतील आर्थर रोड तुरुंगातील तरुण बंद्यांपासून आरंभ करून न्यायाधीन बंदी, स्त्री-बंदी व सुटका झालेल्या व्यक्तींच्या पुनर्वसनापर्यंत विस्तारला. जामिनाची कागदपत्रे मिळविणे, वकिलाशी संपर्क साधून देणे, घरच्यांचा ठावठिकाणा शोधणे, सुटकेनंतर निवारा व काम मिळवून देणे अशी ही कामे वर्गात शिकविता येत नाहीत.

ह्या कामाची निकड आकड्यांवरून कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सु. ७६ टक्के, न्यायाधीन होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या न्यायाधीन बंद्याने आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढल्यास तो, काही अपवाद वगळता, सुटकेस पात्र होतो. परंतु कोणता बंदी पात्र आहे, हे वेळीच ओळखून त्याचा अर्ज न्यायालयापुढे नेणारी व्यक्ती नसेल, तर ही तरतूद कागदावरच राहते. परिवीक्षा अधिनियम, १९५८ खालील परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाचेही असेच आहे. गुन्हेगारास तुरुंगात पाठवावयाचे की देखरेखीखाली मुक्त ठेवावयाचे, हे ठरविताना न्यायालय त्या अहवालाचा विचार करते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यासह दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात. त्यांनी मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कार्यात किमान सात वर्षे घालविलेली असावीत किंवा ते संबंधित विषयाचे पदवीधर व्यावसायिक असावेत, अशी अट आहे. विधिमंडळानेही अनुभवाला पदवीच्या तोडीचे स्थान दिले आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

लाभ व मर्यादा : संयुक्त अभ्यासक्रमाचा प्रमुख लाभ सातत्याचा. दंडविधी, संशोधनपद्धती, सांख्यिकी हे विषय दोन्ही पातळ्यांवर पुन्हा शिकविण्याची गरज राहत नाही व एक प्रवेशपरीक्षा वाचते. शीघ्र योजनेत एका वर्षाचे शुल्क व निवासखर्च ह्यांची बचत होते आणि विद्यार्थी लवकर मिळवता होतो. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. बारावीनंतर लगेच पाच वर्षांचा विषय निवडणे सर्वांनाच साधत नाही. मध्ये बाहेर पडण्याची सोय नसेल, तर हाती कोणतीच पदवी लागत नाही. गुन्हाशास्त्रातील पदव्युत्तर पदवीने वकिलीचा अधिकार मिळत नाही, त्यासाठी विधी पदवी व सनद आवश्यक असते. त्याचप्रमाणे प्रयोगशाळेतील पदांसाठी विज्ञानशाखेचे शिक्षण लागते. पोलीस उपनिरीक्षकाच्या स्पर्धापरीक्षेस साधी पदवी पुरते. म्हणून इच्छित पद आधी ठरवून मग अभ्यासक्रम निवडणे श्रेयस्कर ठरते.

काळ घटविताना नेमके काय घटविले जाते, हा सर्वांत महत्त्वाचा विचार होय. वर्गातील पुनरावृत्ती गाळल्यास हानी नाही. परंतु तुरुंग, पोलीस ठाणे, न्यायालय व वस्ती ह्यांतील क्षेत्रकार्य गाळल्यास, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी इतरांच्या स्वातंत्र्याविषयी अभिप्राय देणारा अधिकारी अनुभवाविना घडतो आणि त्याच्या चुकीची किंमत दुसऱ्यास मोजावी लागते.

नवी धोरणे : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने चार वर्षांची पदवी व त्यानंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी, पंचवार्षिक संयुक्त अभ्यासक्रम आणि टप्प्याटप्प्यावर बाहेर पडण्याची सोय ह्यांचा पुरस्कार केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार त्रैवार्षिक पदवीस किमान १२० व चतुर्वार्षिक पदवीस १६० श्रेयांक लागतात. ते श्रेयांक-पेढीत साठविता येतात. २०२४ मध्ये आयोगाने शीघ्र पदवीची कार्यपद्धती मान्य केली. तीनुसार पहिल्या वा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस निवडलेला विद्यार्थी प्रत्येक सत्रात अधिक श्रेयांक घेऊन त्रैवार्षिक पदवी एक सत्र, तर चतुर्वार्षिक पदवी दोन सत्रांपर्यंत आधी पूर्ण करू शकतो. अशा विद्यार्थ्यांची संख्या मंजूर प्रवेशसंख्येच्या कमाल दहा टक्के ठेवली आहे. एकूण श्रेयांक मात्र कमी होत नाहीत. म्हणजे भारतीय पद्धतीत अभ्यासाचा भार तोच राहून गती वाढते, तर अमेरिकी पद्धतीत काही भार दोन्ही पदव्यांत सामाईक धरला जातो. क्षेत्रकार्यास मात्र ही गती लागू पडत नाही. न्यायालयाची तारीख आणि बंद्याचा विश्वास हे दोन्ही आपापल्या वेळेनेच येतात.