टाळ्या, हूटिंग आणि शेजारचं दुकान

व्हिडिओ गेमच्या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं भाषण एका आकड्याचं आहे. ११ मे १९९५, लॉस एंजेलिस. ‘ई-थ्री’ या प्रदर्शनाचं ते पहिलंच वर्ष. सेगा कंपनीने जाहीर केलं की आमचा ‘सॅटर्न’ हा कन्सोल सप्टेंबरात यायचा होता, पण तो आजच काही दुकानांत पोहोचलाय. किंमत ३९९ डॉलर. ज्या दुकानदारांना या गुपितातून वगळलं होतं ते भयंकर चिडले, पण तो वेगळा किस्सा. त्याच दिवशी सोनीची पाळी आली. सोनी तेव्हा या धंद्यात नवखी होती. अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख स्टीव्ह रेस माइकपाशी गेले, ‘२९९’ एवढंच म्हणाले आणि जागेवर परतले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. प्लेस्टेशनची अमेरिकेतली सुरुवात ही अशी झाली.

तेव्हापासून मोठ्या गेम कंपन्या वर्षातून एकदा-दोनदा असा सोहळा करतात. तास-दीड तासात पंधरा-वीस ट्रेलर, मधूनच एखादा अधिकारी स्टेजवर येऊन ‘आम्ही किती उत्साहात आहोत’ हे सांगणार, आणि शेवटी राखून ठेवलेला एक धक्का. आपल्याकडे हे बघायचं तर झोपेवर पाणी सोडावं लागतं. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, तिथे दुपारचे दोन म्हणजे इथे पहाटेचे अडीच. तरी पुण्या-मुंबईतली पोरं जागतात, शेजारी चॅट उघडं ठेवतात आणि सकाळी कॉलेजात लाल डोळे घेऊन जातात.

गेम न खेळणाऱ्याला हे सगळं पोरकट वाटतं, आणि त्यात त्याचं फारसं चुकत नाही. दोन मिनिटांची जाहिरात बघून मोठी माणसं किंचाळतात. २००४ च्या ई-थ्रीमध्ये निन्टेन्डोने ‘झेल्डा’च्या नव्या भागाचा ट्रेलर दाखवला, पाठोपाठ त्या गेमचे जनक शिगेरू मियामोटो ढाल-तलवार घेऊन स्टेजवर आले, तेव्हा सभागृहात अक्षरशः आरोळ्या उठल्या. पण ही आनंदाची बाजू झाली. मला जास्त रस आहे तो रागात. कारण चाहत्यांच्या रागाने कंपन्यांचे निर्णय कधी बदलतात आणि कधी जागचे हलत नाहीत, याचा हिशोब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते: ओरडा किती मोठा होता याला फार अर्थ नसतो. शेजारी दुसरं दुकान उघडं होतं का, हे बघावं लागतं.

१० जून २०१३ चा दिवस घ्या. त्याआधीच्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’ची घोषणा केली होती आणि हळूहळू त्याचे नियम बाहेर पडत होते. कन्सोलने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, नाहीतर गेम चालणार नाही. विकत घेतलेली डिस्क मित्राला द्यायची किंवा जुनी म्हणून विकायची तर त्यावर अटी. सुरुवातीच्या २१ देशांच्या यादीत भारत नव्हताच. तसाही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या डिस्क देऊन-घेऊन खेळणाऱ्या आणि पावसाळ्यात ब्रॉडबँड गेलं की चार दिवस वाट बघणाऱ्या माणसाला हा कन्सोल काय कामाचा होता? त्या दिवशी सकाळी मायक्रोसॉफ्टने किंमत सांगितली: ४९९ डॉलर.

संध्याकाळी त्याच शहरात सोनीचा कार्यक्रम होता. अमेरिकेतले प्रमुख जॅक ट्रेटन स्टेजवर आले आणि त्यांनी एकेक नियम उलटा करून वाचायला सुरुवात केली. प्लेस्टेशन ४ वर जुन्या डिस्कवर नवं बंधन नाही. टाळ्या. डिस्क मित्राला द्या, विका, आयुष्यभर ठेवा. टाळ्या थांबेनात, ट्रेटनना पुढचं वाक्य धरून ठेवून उभं राहावं लागलं. इंटरनेटवर हजेरीची सक्ती नाही. पुन्हा आरोळ्या. आणि किंमत, ३९९. त्याच दिवशी सोनीने एक छोटा व्हिडिओही टाकला: ‘प्लेस्टेशन ४ वर गेम मित्राला कसा द्यावा’. त्यात सोनीचे अधिकारी शुहेई योशिदा आपल्या सहकाऱ्याच्या हातात गेमची डबी देतात, सहकारी ‘थँक्यू’ म्हणतो, संपलं. अर्ध्या मिनिटाचाही नाही तो व्हिडिओ.

नीट बघितलं तर सोनीने त्या रात्री त्या मुद्द्यावर नवं काहीच दिलं नव्हतं. जे आजवर चालत आलं ते तसंच राहील, एवढंच वचन. कंपनीने खिशात हात घातला नाही म्हणून इतक्या टाळ्या पडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. आणि त्याच कार्यक्रमात हेही सांगून झालं होतं की प्लेस्टेशन ४ वर इतरांबरोबर ऑनलाइन खेळायला आता वर्गणी लागेल. आधीच्या प्लेस्टेशनवर ते फुकट होतं. हे वाक्य टाळ्यांच्या ओघात वाहून गेलं आणि ती वर्गणी आजतागायत चालू आहे.

मायक्रोसॉफ्टने १९ जूनला, म्हणजे नवव्या दिवशी, सगळे नियम मागे घेतले. हजेरी रद्द, जुन्या डिस्कवरच्या अटी रद्द. ही चाहत्यांच्या आवाजाची ताकद, असं तेव्हा सगळीकडे लिहून आलं. पण ते नियम जाहीर झाल्या दिवसापासून लोक ओरडत होतेच की. मायक्रोसॉफ्ट हललं ते सोनीने त्याच शहरात, त्याच दिवशी, शंभर डॉलर कमी किमतीत दुसरा पर्याय मांडला त्यानंतर.

आता २०१८ चा नोव्हेंबर बघा. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला अनाहाइममध्ये ब्लिझर्ड कंपनीचं ‘ब्लिझकॉन’ भरतं. हे जत्रेसारखं सर्वांसाठी खुलं प्रदर्शन नाही. एकाच कंपनीचं, तिकीट काढून आलेल्या तिच्याच भक्तांचं. तिकीट साधारण दोनशे डॉलर, वर विमान आणि हॉटेल. ‘डायब्लो’ या तिच्या गेमचा तिसरा भाग २०१२ मध्ये आलेला, त्यामुळे चौथ्याची आस लागलेली. उद्घाटनाच्या शेवटी, जिथे मोठी घोषणा ठेवतात त्या जागी, ‘डायब्लो इम्मॉर्टल’ जाहीर झाला. मोबाइलवरचा गेम, चीनच्या नेटईझबरोबर मिळून बनवलेला.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. एकजण माइकपाशी आला आणि त्याने शांतपणे विचारलं, हा एप्रिल फूलचा विनोद अवेळी आलाय का? सभागृहात हशा आणि टाळ्या. दुसऱ्याने विचारलं, हा गेम पीसीवर येईल का? नाही, सध्या तसा बेत नाही. हूटिंग सुरू झालं. तेव्हा मुख्य डिझायनर वायट चेंग यांच्या तोंडून निघून गेलं: तुमच्याकडे फोन नाहीत का? ते वाक्य आजही गेमच्या जगात शिवीसारखं वापरलं जातं. मला त्या माणसाची दया येते. वर्षानुवर्षं राबून केलेलं काम घेऊन तो स्टेजवर उभा होता आणि कुठल्या गर्दीसमोर काय मांडायचं हे त्याने ठरवलेलं नव्हतं. पण गर्दीचंही खरं होतं. समोर बसलेली माणसं आयुष्यभर कॉम्प्युटरवर माउस झिजवणारी, आणि हे माहीत असूनही कंपनीने ती घोषणा त्यांच्याच उत्सवात, शेवटी ठेवली होती. लोकांना त्रास गेमचा झाला नाही. आपण कोण आहोत हे कंपनी विसरली, याचा झाला.

पण पुढे काय झालं? ट्रेलरवर नापसंतीचे अंगठे लाखांत पडले. पुढच्या वर्षी ‘डायब्लो ४’ जाहीर करून समजूत काढली गेली. ‘इम्मॉर्टल’ मात्र रद्द झाला नाही. जून २०२२ मध्ये तो आला, शेवटच्या घडीला पीसीची आवृत्तीही जोडून, आणि खेळाडूंच्या खिशातून सतत पैसे काढण्याच्या त्याच्या पद्धतीवर टीका होत असतानाच त्याने रग्गड कमावले. अनाहाइमच्या त्या सभागृहात ब्लिझर्डच्या शेजारी दुसरा कुणी ‘डायब्लो’ विकायला उभा नव्हता.

आनंदाचंही थोडं सांगायला हवं, नाहीतर चित्र अर्धवट राहील. २०१९ च्या ई-थ्रीत अभिनेता कियानू रीव्हज ‘सायबरपंक २०७७’साठी स्टेजवर आला. तो या अनुभवाला ‘श्वास रोखायला लावणारा’ म्हणाला तर गर्दीतून कुणीतरी ओरडलं, श्वास तर तू रोखतोस आमचा! त्याने बोट दाखवून तेच वाक्य सगळ्यांना परत दिलं. ती काही सेकंदांची क्लिप जगभर फिरली. गेम १० डिसेंबर २०२० ला आला तो जुन्या कन्सोलवर इतक्या मोडक्या अवस्थेत, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत केले. पुढे तो दुरुस्त होऊन चांगलाच नावारूपाला आला. पण त्या टाळ्या गेमला नव्हत्याच, हे कळायला दीड वर्ष जावं लागलं.

काही कंपन्यांनी एक गोष्ट त्याआधीच ओळखली होती: सभागृहच नको. निन्टेन्डोने २०११ पासून ‘डायरेक्ट’ नावाने रेकॉर्ड केलेले व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली आणि २०१३ पासून ई-थ्रीचं मोठं व्यासपीठ सोडलं. अध्यक्ष सातोरू इवाता स्वतः कॅमेऱ्यासमोर यायचे, दोन्ही हात पुढे करून ‘थेट तुमच्याकडे’ अशी खूण करायचे. गोड होतं ते. शिवाय रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत माइकपाशी येऊन कुणी एप्रिल फूल विचारत नाही. सोनी २०१९ पासून ई-थ्रीला गेलीच नाही, मग कोरोना आला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ई-थ्री कायमचं बंद झाल्याचं आयोजकांनी कळवलं.

त्याची जागा आता ‘समर गेम फेस्ट’सारख्या कार्यक्रमांनी घेतली आहे. तिथे २०२४ मध्ये एका मिनिटाच्या ट्रेलरचा दर अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर, असल्याच्या बातम्या आल्या होत्या. छोट्या स्टुडिओंना काही जागा फुकट मिळतात, पण मिळाल्या तर. म्हणून पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ची गोष्ट मला मोलाची वाटते. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या ‘इंडी वर्ल्ड’ कार्यक्रमात त्यांचा ‘राजी’ दिसला आणि त्याच दिवशी विक्रीलाही आला. देवी-देवतांच्या कथा, राजस्थानी महालांसारखी बांधणी आणि हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी. इकडच्या कितीतरी जणांनी तो कार्यक्रम बघताना पहिल्यांदाच ‘अरे, हे आपलं’ म्हणून मान वर केली. वर्षअखेरीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं.

सभागृह गेलं तरी गर्दी घरी बसली नाही, ती चॅटमध्ये शिरली. आणि तिथे वाट बघण्याचाच एक खेळ झाला. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ हा गेम ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या ‘टीम चेरी’ या मूठभर माणसांच्या चमूने फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात तो दिसला, आणि तिथे दाखवलेलं सगळं बारा महिन्यांत खेळता येईल असं सांगितलं गेलं. बारा महिने गेले. मग प्रत्येक ‘डायरेक्ट’च्या आधी चाहते स्वतःला विदूषकाचं नाक आणि रंग लावलेली चित्रं टाकू लागले; आज येणारच म्हणणारे ते आपण, आणि उद्या तोंडघशी पडणारेही आपणच. कंपनीवर चिडण्याऐवजी स्वतःवर हसण्याची ही रीत मला फार आवडते. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये दोन आठवडे आधी तारीख सांगून ४ सप्टेंबरला गेम आला, किंमत वीस डॉलर, आणि खरेदीच्या झुंबडीने ऑनलाइन दुकानं काही काळ ठप्प झाली.

वीस डॉलर हा आकडा गाजला कारण त्याच वर्षी एप्रिलमध्ये निन्टेन्डोने ‘स्विच २’ या नव्या कन्सोलबरोबर ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या गेमची किंमत ऐंशी डॉलर ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी कंपनीचे लोक लाइव्ह प्रक्षेपणात हसत-खेळत गाड्या पळवत होते आणि शेजारच्या चॅटमध्ये एकच ओळ धबधब्यासारखी कोसळत होती: किंमत उतरवा, किंमत उतरवा. सूत्रसंचालकांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांना तसं सांगितलेलं असणार. पुढच्या महिन्यात मायक्रोसॉफ्टनेही ऐंशी डॉलरचा भाव जाहीर केला आणि त्यानंतर ‘आउटर वर्ल्ड्स २’ला तो लावला. तिथेही ओरडा झाला. जुलैत मायक्रोसॉफ्टने तो गेम सत्तरवर आणला.

मायक्रोसॉफ्टचा गेम प्लेस्टेशनवर आणि पीसीवर इतर शेकडो गेमच्या शेजारी विकला जाणार होता. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ फक्त निन्टेन्डोच्या यंत्रावर मिळतो. भारतात तर ती कंपनी अधिकृतपणे विकतही नाही. आयात करणारा दुकानदार सांगेल तो भाव, आणि त्याच्याशी घासाघीस करायला चॅट नसतं. ५ जूनला ‘स्विच २’ आला, पहिल्या चार दिवसांत जगभरात ३५ लाखांहून जास्त विकला गेला. मारिओ कार्ट ऐंशीलाच राहिला, पण कन्सोलबरोबर घेतला तर पन्नासला पडत होता. हे जोड-पाकीट कंपनीने किंमत सांगितली त्याच दिवशी जाहीर करून ठेवलं होतं.