पुढच्यास ठेच, मागचा शहाणा



नवं बियाणं घ्यावं का, खत किती टाकावं, हे तुम्ही कोणाला विचारून ठरवता? शिवारफेरीत मी हा प्रश्न केला, की बहुतेक जण बांधापलीकडच्या शेताकडे बोट दाखवतात. या विचारपूशीला कमी लेखू नका. गावाची आणि देशाची शेती तिच्या बळावर पुढे सरकते.

आफ्रिकेतील घाना देशाचं उदाहरण पाहा. तेथील दक्षिण भागातले शेतकरी मका आणि कसावा घेत. (आपल्याकडे ज्याचा साबुदाणा करतात, तोच हा कंद.) १९९० च्या दशकात त्यांतले बरेच जण युरोपात पाठवण्यासाठी अननस लावू लागले. पीक नवं, खताचं माप ठाऊक नाही. कॉनली आणि उद्री या अर्थशास्त्रज्ञांनी तिथे कोण कोणाशी शेतीबद्दल बोलतो याची नोंद केली आणि २०१० साली निष्कर्ष छापले. ओळखीच्या शेतकऱ्याला अपेक्षेपेक्षा जास्त नफा झाला, की इतर जण आपलं खत त्याच्या मापाकडे नेत. नवखे तर अधिकच. मका-कसावा ही हातातली पिकं, त्यांत असं दिसलं नाही.

मात्र शेजाऱ्याचं सगळंच आपल्याला लागू पडत नाही. आपल्या देशात हरितक्रांतीच्या काळात गव्हाच्या नव्या जाती शेजाऱ्याचं पाहून पसरल्या. भाताच्या सुरुवातीच्या नव्या जाती जमीन-पाण्याप्रमाणे कमी-जास्त पिकत. म्हणून भातवाल्यांना स्वतःच्या वावरात प्रयोग जास्त करावे लागले.

यावरून आपण काय करावं?

१) शेजाऱ्याला एकरी उताऱ्याबरोबर खर्च, जमीन, पाणी आणि पेरणीची तारीखही विचारावी.

२) जमीन वेगळी असेल तर आधी दोन-चार गुंठ्यांवर करून पाहावं. लगत नेहमीच्या पद्धतीचा पट्टा ठेवावा, म्हणजे फरक कळेल.

३) फसलेला प्रयोग झाकू नये. तुमचं नुकसान झालं ते झालं. सांगितलंत तर दहा घरांचं वाचेल.

४) पारावर कोण येत नाही, हेही पाहावं. खुरपणी-वेचणी करणाऱ्या बाया, एक-दोन एकरवाले, वस्तीवरची घरं यांच्याशी बोलणंच नसेल, तर चांगलं बियाणं त्यांच्यापर्यंत उशिराच पोचणार. मग निम्मं गाव पुढे आणि निम्मं मागे राहतं.

तेव्हा हा कागद वाचून झाला, की घडी करून ठेवू नका. ज्याच्याशी सहसा बोलणं होत नाही, अशा एका शेतकऱ्याला वाचून दाखवा.