नदीकाठची जमीन आणि राज्याची संमती

नौकानयनासाठी नदीवर बांध व जलद्वारे उभारावयाची, तर काठची जमीन हवीच. अमेरिकेत अशी जमीन मध्यवर्ती सरकार राज्याच्या संमतीवाचूनही घेऊ शकते. मग संमती कशासाठी? मालकी आणि अधिकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संमतीचा संबंध अधिकाराशी येतो. विधिमंडळाने बिनशर्त संमती दिली, तर त्या जमिनीवर केवळ मध्यवर्ती सरकारचाच कायदा चालू शकतो. कनावा नदीकाठच्या जमिनीबाबत वेस्ट व्हर्जिनिया राज्याने संमती देताना आपलाही अधिकार राखून ठेवला. पुढे बांधाच्या कंत्राटदार कंपनीने राज्याचा २ टक्के कर देण्यास हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १९३७ साली सशर्त संमती ग्राह्य धरली व कर कायम केला. शेत विकणारा गावची चावडी विकीत नाही. ती द्यावयाची की राखावयाची, हे संमतीच्या शब्दांतच ठरते.